झारकालीन बिल्ला : अस्सल की नक्कल?

प्रश्न : गोव्यातील एका आठवडी बाजारात मी दोन डोक्यांचा गरुड आणि पांढऱ्या मीन्याचा क्रूस असलेला एक रशियन बिल्ला विकत घेतला. तो झारच्या सैन्यातील एका पलटणीचा असून त्या पलटणीसाठी 1912 साली मंजूर झाला, असे विक्रेत्याने सांगितले. मागे 84 हा आकडा आणि डावीकडे पाहणाऱ्या स्त्रीचा मुखवटा आहे. मागची बाजू चांगलीच हिरवी-काळी पडली आहे, तरीही आमचे सोनार त्याविषयी शंका घेतात. खात्री कशी करावी?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : हिरव्या-काळ्या थरावर मुळीच विसंबू नये. आपल्या किनाऱ्यावर पितळेची कोरी वस्तू एका पावसाळ्यात हिरवी पडते, आणि नक्कल करणारे तर हेच काम आम्ल लावून तासाभरात उरकतात. खऱ्या वापराची झीज उंचवट्यांवर, म्हणजे गरुडाच्या छातीवर आणि मुकुटांच्या टोकांवर आधी दिसते; खोलगट भाग काळे आणि उंचवटे मात्र कोरेकरकरीत असतील, तर ते वय बहुधा बाटलीतून आलेले असते.

आपल्या बिल्ल्याचा निकाल मात्र त्यावरील छापच देत आहे. रशियात चांदीचा कस 96 भागांत मोजत, म्हणून 84 म्हणजे आजच्या हिशेबाने 875 कसाची चांदी. कोकोश्निक हा पारंपरिक शिरपेच घातलेल्या स्त्रीचा मुखवटा 1899 पासून सरकारी छापात आला. 1908 पर्यंत ती डावीकडे पाहते आणि त्यानंतर उजवीकडे. उजवीकडे पाहणाऱ्या मुखवट्यासोबत तपासणी कचेरीचे ग्रीक अक्षर असते, जसे सेंट पीटर्सबर्गसाठी आल्फा आणि मॉस्कोसाठी डेल्टा. 1912 साली मंजूर झालेल्या बिल्ल्यावर 1908 पूर्वीचा छाप येणे शक्य नाही. विक्रेत्याने सांगितलेले साल बरोबर असेल तर बिल्ला नकली आहे, आणि साल चूक असेल तर त्याच्या बाकीच्या माहितीवरही विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही. पलटणींचे बहुसंख्य बिल्ले 1908 ते 1914 या काळात मंजूर झाले असल्यामुळे ही विसंगती बाजारात वरचेवर सापडते.

छाप बरोबर असला तरी तो कसा उमटला आहे हे दहापट भिंगाखाली पाहावे. पोलादी ठशाने ठोकलेल्या खुणेच्या कडा धारदार असतात आणि भोवतालचा धातू किंचित उचललेला दिसतो. साच्यातून बिल्ल्याबरोबरच ओतलेली खूण वापरलेल्या साबणाच्या वडीवरील अक्षरांसारखी गुळगुळीत असते. ओतकामाच्या इतर खुणा म्हणजे सपाट जागेतील सुईच्या टोकाएवढी छिद्रे आणि कडेने गेलेली, कानशीने घासून लपवलेली शिवण. शिवाय ओतलेला धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे अस्सल नगावरून साचा घेऊन केलेली नक्कल मूळ मापापेक्षा किंचित लहान भरते. पीटर्सबर्गच्या एडुआर्ड किंवा केयबेल यांसारख्या कारखान्यांच्या कामात गरुड, क्रूस आणि अक्षरे पुष्कळदा वेगवेगळी घडवून बारीक रिवेटांनी जोडलेली असतात. नक्कल करणारा हा खटाटोप टाळून सगळे एकाच तुकड्यात उरकतो.

मीनाही बोलका असतो. खरा मीना म्हणजे सुमारे 800 अंशांवर भाजलेली काचेची पूड. तो उडाला तर काचेसारखा शिंपली आकारात उडतो. रेझिनचा रंग कडेला फुगतो किंवा मध्ये खचतो आणि त्यावर बारीक ओरखडे पटकन पडतात. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नये. बिल्ला खरा निघाला तर नुकसान आपलेच. मागचा नट नवा असणे हा मात्र पुरावा नव्हे, कारण नट हरवतात आणि बदलले जातात.

बिल्ल्यावर अक्षरे असतील तर त्यांचे लेखनही तपासावे. 1918 च्या लेखनसुधारणेपूर्वी व्यंजनान्त शब्दाच्या शेवटी एक कठोरचिन्ह हमखास लिहिले जाई. रोमन लहान ‘बी’च्या डोक्यावर डावीकडे शेंडी काढावी तसे ते दिसते. झारकालीन म्हणवणाऱ्या वस्तूवर ते जिथे हवे तिथे नसेल, तर पुढे तपासण्याची गरज नाही.

प्रश्न : माझे वडील नौदलात होते आणि पाणबुडीच्या प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात राहिले होते. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात तिकडचे पुष्कळ बिल्ले आहेत. ते अस्सल असतील का, आणि चिंच-कोकम लावून घासले तर चालतील का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ‘कलवरी’ ही आपली पहिली पाणबुडी 8 डिसेंबर 1967 रोजी रिगा बंदरात नौदलात दाखल झाली, आणि त्या काळात तिकडे गेलेल्या कोकणातील खलाशांच्या घरी असे डबे सापडणे अगदी स्वाभाविक आहे. त्यातील बहुतेक बिल्ले अस्सल असतील असे मानण्याचे साधे कारण म्हणजे त्यांची क्षुल्लक किंमत: मागे कोपेकमध्ये किंमत ठोकलेल्या ॲल्युमिनियमच्या स्मरणबिल्ल्यांची नक्कल करून कोणाला काय मिळणार? मात्र ते पुरातन नव्हेत. आपल्या कायद्यात त्यासाठी साधारणपणे 100 वर्षांची अट आहे. नकला होतात त्या 1942 साली सुरू झालेल्या ‘ग्वार्दिया’ (पराक्रमी तुकड्यांना दिलेले मानाचे नाव) बिल्ल्याच्या आणि पाणबुडीच्या कप्तानाच्या बिल्ल्याच्या, आणि 1991 नंतर, सोव्हिएत संघ मोडल्यावर, त्यांना विशेष ऊत आला. वडिलांनी स्वतः आणलेल्या नगांना ही शंका लागू नाही; घरात नंतर विकत घेतलेले काही असेल तर ते वेगळे काढावे.

घासू मुळीच नये. चिंच आणि कोकम यांतील आम्ल पितळेचा जुना थर आणि वरचा मुलामा दोन्ही खाते, आणि वस्तूची निम्मी किंमत त्या थरातच असते. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसून प्रत्येक बिल्ला आम्लमुक्त कागदात गुंडाळावा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यात बदलत राहाव्यात. पीव्हीसीच्या पिशव्या आणि रबर बँड कटाक्षाने टाळावेत. वडिलांचे गणवेशातील छायाचित्र किंवा तिकडून लिहिलेली पत्रे असतील तर त्यांच्या प्रती त्याच डब्यात ठेवाव्यात, कारण जाणकार संग्राहक बिल्ल्याइतकेच लक्ष त्या कागदांकडे देतो.