कॉर्डलेस ड्रिल आणि ग्राइंडरची बॅटरी लवकर का उतरते? ती कशी जपावी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. १८ व्होल्टची लिथियम बॅटरी दर वेळी पूर्ण संपवूनच चार्जिंगला लावावी का? रात्रभर चार्जरवर राहिली तर बिघडते का? आणि सहा महिने पेटीत पडून असलेला पॅक चार्जर घेत नाही, नुसता लाल दिवा लुकलुकतो, त्याचं काय करायचं?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: नाही, संपवू नका. ही सवय निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांच्या काळातली आहे. त्या अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केल्या तर त्यांची क्षमता घटल्यासारखी वाटायची, म्हणून त्या उतरवून मग चार्ज करायचा सल्ला असे. तो त्यांच्यापुरता ठीक होता, आणि तिथेही यंत्र मंदावलं की थांबायचं असे, पार बंद पडेपर्यंत ताणायचं नसे. लिथियमचं गणित उलटं आहे. ती जितकी खोल उतरते तितकी झिजते. पॅकवरच्या चार्ज दाखवणाऱ्या चारपैकी एक दिवा उरला, किंवा ड्रिलचा जोर कमी वाटू लागला, की पॅक काढून चार्जिंगला लावा. अर्ध्यावर काढून चार्ज केल्याने काहीही बिघडत नाही.

आत काय आहे ते एकदा डोळ्यांसमोर आणलं की बाकीचं आपोआप कळतं. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर जातो, म्हणजे पॅक २१ वर. ज्यावर '२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेलं असतं तोही हाच पाच सेलचा पॅक. २ एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास, पॅकमध्ये किती वीज मावते त्याचं माप) पॅकमध्ये बहुधा पाचच सेल असतात, ४ किंवा ५ एएचच्या पॅकमध्ये दहा, म्हणजे दोन-दोनच्या पाच जोड्या.

ग्राइंडरला बॅटरी पुरत नाही याचं कारण बऱ्याचदा इथेच असतं. समजा कापताना ग्राइंडर ३० अँपिअर ओढतो. पाच सेलच्या पॅकमध्ये प्रत्येक सेलला पूर्ण ३० अँपिअर द्यावे लागतात. दहा सेलच्या पॅकमध्ये तोच भार वाटला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला १५ येतात. सेलमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे प्रवाह निम्मा झाला की त्या सेलमधली उष्णता जवळपास चौथाईवर येते. म्हणून ग्राइंडर, सर्क्युलर सॉ आणि रोटरी हॅमरला दहा सेलचा पॅक लावा, आणि छोटा पॅक ड्रिल, स्क्रू ड्रायव्हर आणि दिव्यासाठी ठेवा. छोटा पॅक ग्राइंडरवर चालतो, पण दर वेळी भाजून निघतो. माझ्या मते वर्षभरात बसणाऱ्या बॅटऱ्यांमागे सर्वांत मोठं कारण हेच आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दुसरं कारण गरम पॅक लगेच चार्जरवर चढवणं. काम करून काढलेला पॅक हाताला चांगला गरम लागत असेल तर तो सावलीत वीस-तीस मिनिटं ठेवा, मग लावा. चार्जिंगसाठी साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअस ही मर्यादा धरतात, आणि १० ते ३० अंश उत्तम. बरेच चार्जर गरम पॅक ओळखून थांबून राहतात, म्हणून लुकलुकणारा दिवा दर वेळी बिघाडच दाखवतो असं नाही. पॅक लवकर थंड व्हावा म्हणून फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव साचतं. शून्याखालच्या थंडीत चार्ज करणं तर आणखी वाईट. लिथियम तेव्हा सेलमधल्या ग्राफाइटच्या थरात न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतं. तेवढी क्षमता कायमची जाते आणि आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. थंडीत बाहेर काम करायला हरकत नाही, फक्त पॅक आत आणून तो खोलीच्या तापमानाला आल्यावर चार्जिंगला लावायचा.

किती वेळ लागायला हवा याचा अंदाज सोपा आहे. पॅकच्या एएचला चार्जरच्या अँपिअरने भागा आणि वर थोडा वेळ धरा. ५ एएचचा पॅक २ अँपिअरच्या चार्जरवर सुमारे तीन तास घेतो. चार्जर आधी ठरलेला प्रवाह देत राहतो, आणि सेल ४.२ व्होल्टवर आले की व्होल्टेज तिथेच धरून प्रवाह हळूहळू कमी करतो. त्यामुळे शेवटचा पाचवा हिस्सा रेंगाळतो. घाईत असाल तर तीन दिव्यांवर काढून कामाला लागा. जलद चार्जर कामाच्या गर्दीत उपयोगी आहे, पण तो पॅक जास्त तापवतो. रोजची घाई नसेल तर साधा चार्जरच वापरा. चार्जर इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर चालवणार असाल तर त्याच्या पुस्तिकेत तशी परवानगी आहे का ते आधी पाहा. चौकोनी तरंगाच्या स्वस्त इन्व्हर्टरवर काही चार्जर तापतात आणि जळतात.

आता रात्रभराचा प्रश्न. चांगल्या कंपनीचा, त्याच पॅकसाठी बनवलेला चार्जर भरल्यावर स्वतः थांबतो. एखाद्या रात्री राहिला म्हणून पॅक मरत नाही. तरी मी ती सवय लावू नका असंच सांगेन. पूर्ण भरलेल्या अवस्थेत, त्यातही उबेत, सेल लवकर म्हातारे होतात. आणि क्वचित एखादा सेल आतून सदोष असेल तर त्याचा बिघाड चार्जिंगच्या वेळी उफाळतो, तेव्हा जवळ कुणी जागं असलेलं बरं. चार्जर लाकडाच्या भुश्यापासून, थिनरच्या डब्यांपासून दूर, फरशीसारख्या न पेटणाऱ्या जागेवर ठेवा.

महिनोन्महिने ठेवायचं असेल तर निम्म्या चार्जवर ठेवा: चारपैकी दोन दिवे, किंवा मल्टीमीटरवर १८.५ व्होल्टच्या आसपास. पॅक यंत्रातून काढून ठेवा, कारण काही यंत्रं बंद असतानाही थोडा प्रवाह पीत राहतात. जागा कोरडी आणि थंड असावी. उन्हात उभी गाडी आणि पत्र्याखालचा माळा या दोन जागा टाळाच. दर तीन महिन्यांनी दिवे पाहा, एकावर आला असेल तर पुन्हा दोनवर आणा. सुटा पॅक खिळे-स्क्रूच्या डब्यात टाकू नका. एक खिळा दोन टर्मिनलवर आडवा पडला तरी पुरतो. कंपनीची टोपी असेल तर ती लावा, नसेल तर टर्मिनलवर टेप.

तुमचा अडलेला पॅक बघताना आधी टर्मिनल तपासा. ग्राइंडरचा लोखंडी चुरा तिथे बसतो आणि चार्जरला सेन्सर वाचता येत नाही. कोरड्या ब्रशने झाडून, कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. चार्जरची टर्मिनलंही, पण प्लग काढून. दुसरा चांगला पॅक त्याच चार्जरवर लावून पाहा, म्हणजे दोष चार्जरचा की पॅकचा ते ठरेल. मग मल्टीमीटर डीसीवर लावून अधिक-उण्यावर व्होल्टेज मोजा. दोन काड्यांची टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

१५ ते १८ व्होल्ट दिसले तर पॅक उतरलेला आहे, एवढंच. तो चार्ज व्हायला हवा. १२.५ च्या खाली असेल तर सेल सरासरी २.५ व्होल्टच्याही खाली गेलेत, आणि चार्जर मुद्दाम नकार देतोय. शून्य दिसलं तर दोन शक्यता: पॅक खरंच मेला आहे, किंवा काही पॅकमध्ये असते तशी आतली सर्किट पाटी बाहेरची वाट बंद करून बसली आहे. आणि चार्ज होऊनही आकडा २० च्या वर न जाता १७ च्या आसपास अडत असेल, तर पाचातला एक सेल (दहा सेलच्या पॅकमध्ये एक जोडी) गेला आहे, कारण चार गुणिले ४.२ म्हणजे १६.८. असा पॅक पटकन 'भरला' असं दाखवतो आणि ट्रिगर दाबला की लगेच मान टाकतो.

इथे बरेच जण चांगला पॅक तारेने जोडून मेलेल्याला 'उठवायचा' उपाय सांगतील. तो करू नका. फार खोल उतरलेल्या सेलमध्ये आतल्या पत्र्याचं तांबं विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते भलत्याच जागी साचून आतून शॉर्ट करू शकतं. पॅक उठतो, दोन-चार दिवस चालतोही, म्हणूनच हा उपाय फसवा आहे. शिवाय तारेतून दोन पॅकमधला प्रवाह कुणी आवरत नाही.

सेल बदलून घेणार असाल तर सगळे एकाच प्रकारचे, जास्त प्रवाह देणारे आणि स्पॉट वेल्डिंगने जोडलेले हवेत. थेट सेलवर सोल्डरिंग करणाऱ्याकडे देऊ नका, त्या उष्णतेने आतलं सील आणि पडदा खराब होतो. नवा पॅक घेताना लेबलवरचा एएच जरा तपासा. १८६५० आकाराचा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) सेल साधारण ३.५ एएचच्या आसपासच देतो. म्हणून अशा दहा सेलच्या पॅकवर ९ एएच लिहिलं असेल तर तो आकडा खोटा आहे. वजनही सांगतं. एक सेल ४५ ग्रॅमच्या आसपास असतो, तेव्हा दहा सेलचा पॅक अर्ध्या किलोपेक्षा हलका असेल तर आत दहा सेल नाहीत. स्वस्त नकली पॅकमध्ये कधीकधी तापमानाचा सेन्सर गाळलेला असतो, आणि गरम पॅक ओळखून थांबण्याची चार्जरची सोय त्यावरच चालते.

पॅक फुगला, गोडसर किंवा रसायनासारखा वास आला, पाण्यात पडला, किंवा उंचावरून पडून आत काही खुळखुळायला लागलं, तर चार्जरवर लावून 'बघू' नका. तो उघड्या जागी, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा. तुमचा पॅक टर्मिनल साफ करूनही १२.५ च्या वर येत नसेल तर दोन्ही टर्मिनलवर टेप लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात किंवा यंत्राच्या सर्व्हिस सेंटरला द्या. भंगारात किंवा घरच्या कचऱ्यात टाकलेला पॅक दाबला गेला की तिथेच पेटू शकतो.