भुसावळला घेतलेला शेफील्डचा वस्तरा: धारवाल्याकडे देण्याआधी

भाऊ, भंगारात मिळालेल्या, इंग्लंडमधल्या शेफील्डला बनलेल्या वस्तऱ्याचे फोटो पाहिले. किती जुना, सायकलवाल्या धारवाल्याकडे द्यावा का, आणि दाढी होईल का, हे तुमचे तीन प्रश्न. मधल्याचं उत्तर आधी देतो: अजिबात देऊ नका.

वस्तऱ्याचा कोन त्याची पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, ठरवते. दगडावर पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकवायच्या, म्हणजे साधारण 16-17 अंशांचा कोन आपोआप मिळतो. फिरत्या चाकावर हा आधारच राहत नाही. शिवाय कागदासारखी पातळ धार क्षणात तापते. निळसर झाक दिसली की पोलादाचं पाणी उतरलं. तेवढ्या भागाला पुन्हा धार टिकत नाही. विळे-सुऱ्यांना चालतं ते इथे चालत नाही.

आता वय. पात्यावरच्या मुकुटाजवळ 'जी आर' (म्हणजे जॉर्ज राजा) आहे म्हणून 200 वर्षं जुना समजू नका. इंग्लंडच्या चौथ्या जॉर्जची कारकीर्द 1830 ला संपली, पाचव्याची 1910 ला सुरू झाली, अक्षरं दोघांचीही तीच. जुनी पाती पाचरीसारखी भरीव असत. तुमचं पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं आहे, खिळ्यापलीकडे निघालेलं शेपूटही लांब आहे, म्हणजे 1910 नंतरचा. 'इंग्लंड' छापलं नाही म्हणजे 1891 च्या आधीचा, असं विकणारे सांगतात. देशाचं नाव छापायचा तो नियम अमेरिकेत जाणाऱ्या मालासाठी होता. हिंदुस्थानात आलेल्या मालाबद्दल त्यावरून काही ठरत नाही.

दगड घेण्याआधी सराफाकडचं 10 पट भिंग मागून धार तपासा. पाठीवरचा गंज नुसता डाग आहे, पण धारेपासून 2-3 मिलिमीटरच्या आत खड्डे असतील तर धार लावताना तिथून कपचे उडतात. धारेच्या मध्यावर आत गेलेला बाक दिसला तरी सोडून द्या. तो सरळ करायला खूप पोलाद खाऊन टाकावं लागतं. खिळ्यांजवळ मुठीला केसाएवढ्या चिरा आहेत का तेही बघा. शिंगाची मूठ आपल्या मे महिन्याच्या कोरड्या उन्हात तडकते. तेलाचं बोट वर्षातून दोनदा फिरवावं. मूठ सेल्युलॉइडची (जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची) असेल आणि कापरासारखा उग्र वास येत असेल, पात्यावर तिच्यालगतच गंज असेल, तर ती कुजते आहे; वेगळी ठेवा, आगीपासून लांब. हस्तिदंती मुठीचा व्यवहार मात्र करूच नका, वन्यजीव कायद्याने बंदी आहे.

पाठीवर इलेक्ट्रिकल टेपचा एकच थर लावा, म्हणजे ती झिजत नाही. 1000 च्या दगडावर सुरुवात (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). दगड आधी सपाट हवा: पेन्सिलीने चौकटी आखून, काचेवर ठेवलेल्या ओल्या 220 च्या सँडपेपरवर त्या पुसल्या जाईपर्यंत घासा. धार पुढे ठेवून, वजन जवळजवळ न देता चालवा. सगळी गफलत इथेच होते: 1000 वर दोन्ही बाजूंचे उतार टोकापर्यंत एकमेकांना भिडलेच नाहीत तर पुढचे दगड फक्त चकाकी देतात. धारेवर मार्कर ओढून दोन-चार हात मारा; शाई कुठे उरली ते दिसेल. मग 4000, 8000, 12000. टेप प्रत्येक दगडाला नवी.

शेवटी धार गुळगुळीत करायचा पट्टा, इथे मात्र पाठ पुढे आणि धार मागे. कापडावर 20, चामड्यावर 50 फेऱ्या. परतताना पाठीवरूनच उलटा. धारेवरून उलटवलात तर पट्टा कापला जातो.

पहिल्या दाढीआधी पातं साबणाने धुवून 70 टक्के अल्कोहोलने पुसा; दुसऱ्या कुणाचं रक्त लागलेली वस्तू आहे ती. उकळू नका, मूठ वाकते. फेसाला बोअरचं पाणी नको, जड पाण्याने साबण फाटतो. फक्त गालापासून सुरू करा, कातडी ताणून, साधारण 30 अंशांवर, केसांच्या दिशेने. हनुवटी आणि गळा महिनाभराने. ओरबाडल्यासारखं वाटलं तर दाब वाढवू नका, पुन्हा पट्ट्यावर न्या.

पुसून कोरडा झाल्यावर शिलाई मशीनचं तेल लावा. खोबरेल चिकट होतं. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका, त्यात ओल धरते.