मानवाधिकारवाले नेहमी आरोपींच्याच बाजूने का बोलतात? कारखान्यात कामगार मरतात तेव्हा कुठे असतात?

मी बरीच वर्षं या कामात आहे. जबाब घेणं, नोंदी गोळा करणं, कागद एकमेकांशी ताडून बघणं हे माझं काम, त्यामुळे उत्तर त्याच अंगाने देते.

आधी तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, कारण तिथे तुमचा राग बरोबर आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सुरक्षित कामाची जागा हा मूलभूत हक्क मानला तो जून २०२२ मध्ये, म्हणजे संघटना स्थापन झाल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी. आमच्यातल्या बऱ्याच जणांनीही हा युनियनचा विषय आहे असं म्हणून तो बाजूला ठेवला, मीही ठेवला होता, आणि ते चुकलंच.

पण आरोपींच्या बाजूने बोलतो हे मात्र मला मान्य नाही. कोठडी काय, रस्त्यावरचा पोलीस काय आणि कारखाना काय, तिन्हीकडे गोष्ट एकच आहे, ज्याच्या हातात किल्ली असते त्याच्याच हातात वहीपण असते. म्हणजे माणूस बाहेर कधी जाणार हे जो ठरवतो, तोच आत काय झालं हे लिहितो. आमचं काम त्या वहीशी आहे. आतल्या माणसाने काय केलं हे कोर्ट बघेल, तो निर्दोष आहे असं आम्ही कधी म्हणत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं सांगते. त्यांच्या मुलाला रात्री घरातून नेलं तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहून ठेवली होती, का लिहिली ते त्यांनाही सांगता येईना, हाताशी पेन होतं म्हणून लिहिली. रजिस्टरमध्ये अटक दाखवली होती दुसऱ्या दिवशी संध्याकाळची. मधले साधारण १९ तास कागदावर नव्हतेच, आणि मुलाच्या पायाच्या तळव्यावरचे वळ त्याच १९ तासांतले. मंडेला नियम म्हणून संयुक्त राष्ट्रांचे कैद्यांबद्दलचे नियम आहेत, २०१५ चे, त्यातला ७ वा नियम म्हणतो की माणूस आत घेताना अटकेची तारीख, वेळ, जागा आणि अंगावर दिसणाऱ्या जखमा लिहायच्या. ऐकायला अगदी कारकुनी वाटतं. पण मारहाण जास्त करून होते ती वेळ लिहिण्याच्या आधी, त्यामुळे आम्ही अटकेच्या वेळेवरून एवढे हटून बसतो.

आणि मारून खरं बाहेर येतं हे तर डोक्यातून काढून टाका. मार खाणारा माणूस समोरच्याला जे हवंय ते बोलतो, केस क्लोज होते आणि ज्याने खरंच गुन्हा केला तो बाहेर फिरत राहतो. २०२१ मध्ये चौकशी कशी करावी याची मेंडेझ तत्त्वं आली त्यात हेच आहे, कबुली काढायच्या मागे लागू नका, माहिती मिळवा, आणि वकील पहिल्यापासून असू द्या. गुन्ह्यात ज्याचं माणूस गेलंय त्यालाही खरा गुन्हेगारच सापडायला हवा असतो ना.

रस्त्यावरच्या पोलिसांबद्दल जास्त लिहीत नाही, अमेरिकेतल्या मिनियापोलिसचं उदाहरण पुरे आहे. २५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइड गेले, आणि पोलिसांचं पहिलं निवेदन असं होतं की तब्येतीच्या कारणाने मृत्यू झाला. एका पोलिसाचा गुडघा त्यांच्या मानेवर होता हे त्यात नव्हतंच. तिथे उभ्या असलेल्या १७ वर्षांच्या मुलीने फोनवर व्हिडिओ काढला नसता तर तेच निवेदन रेकॉर्डला राहिलं असतं. त्या पोलिसाला पुढच्या वर्षी खुनाबद्दल दोषी ठरवलं.

आता कारखाने. बांगलादेशात राणा प्लाझा कोसळली २४ एप्रिल २०१३ ला, १,१०० हून जास्त लोक गेले. लोक याला अपघात म्हणतात आणि मला तो शब्द सहन होत नाही, कारण भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते, इमारत रिकामी पण केली होती. खालची बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी बंद राहिली, वरच्या शिलाई कामगारांना मात्र पगार कापायची धमकी देऊन परत आत बोलावलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ व्या करारात चक्क लिहिलंय की जिवाला किंवा तब्येतीला लगेचचा आणि गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण असेल तर कामगार काम सोडून बाहेर पडू शकतो आणि त्याबद्दल त्याला शिक्षा करता येत नाही. पण महिन्याचा पगार अडकलेला असताना दार उघडं असून काय उपयोग, ती पण एक कोठडीच झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीत अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात आग लागली, खिडक्यांना गज होते, २५० हून जास्त माणसं गेली, आणि त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच चांगल्या कामाच्या जागेचं सर्टिफिकेट मिळालेलं होतं. वही इथेही त्याच हातात, कारण असल्या तपासणीचे पैसे सहसा कारखाना किंवा त्याचा ग्राहकच देतो.

आधी कळवून केलेल्या तपासणीला काही अर्थ नसतो हे मी स्वतः पाहिलंय. एका तुरुंगात आम्ही कळवून गेलो तर भिंतींना ताजा रंग, आणि ब्लँकेटं इतकी नवी की दुकानातल्या घड्या तशाच होत्या, एकाही कैद्याने ते ब्लँकेट उलगडलेलं नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या यातना विरोधी कराराचा २००२ चा जो जास्तीचा करार आहे त्यात बाहेरच्या लोकांनी न सांगता जायची आणि कैद्याशी एकट्याने बोलायची सोय आहे ती याचसाठी. राणा प्लाझानंतर ब्रँड आणि युनियन यांच्यात बंधनकारक करार झाला, त्यातही तपासणारे स्वतंत्र आणि रिपोर्ट सगळ्यांना बघायला खुले. दोन्हीकडे उपाय एकच निघाला, वही बाहेरच्या माणसाकडे द्या.

तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगते, कुणाला नेताना पाहिलंत तर वेळ, जागा आणि गाडीचा नंबर लगेच लिहा, आणि तो बाहेर आला की त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, वळ आठवड्यात फिके पडतात. कामाच्या जागी बंद दार, तडा, उघडी वायर दिसली तर फोटो काढून साहेबाला मेसेजवर कळवा, नुसतं तोंडी नको, आणि तो मेसेज कंपनीने दिलेल्या फोनवर न ठेवता स्वतःच्या फोनमध्ये ठेवा.