विशेषणे खोडा, तारखांचा घोळ लिहा

प्रश्न : मी संख्याशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गातल्या बहुतेकांची लिंक्डइन प्रोफाइल माझ्यापेक्षा भारदस्त दिसतात, म्हणून मीही चॅटजीपीटीकडून स्वतःविषयीचा मजकूर लिहून घेतला. तो चांगला आहे, पण वाचताना दुसऱ्याच कोणाचा तरी वाटतो. मैत्रीण म्हणते, रोज काहीतरी पोस्ट कर, वडिलांच्या आजारपणात अभ्यास कसा केलास ते लिही, लोकांना असे आवडते. मला ते जमत नाही. दाखवण्यासारखा माझा एकच प्रकल्प आहे, तो म्हणजे महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील देवघेवीच्या नोंदींचे विश्लेषण. आणि त्यातही निम्मा वेळ तारखा दुरुस्त करण्यातच गेला. जशी आहे तशी राहिले तर कोणाचे लक्ष जाणार नाही, आणि लक्ष वेधले तर ती मी नसेन, असे वाटते. जुने प्रोफाइल काढून टाकून नव्याने सुरुवात करू का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेला मजकूर वाचला. ‘डेटाविषयी ओढ असलेली, परिणामकेंद्री, झपाट्याने शिकणारी’ असे त्याचे पहिले वाक्य आहे. त्यात खोटे काही नाही, पण तुमच्या वर्गातल्या कोणाच्याही नावाखाली ते तसेच्या तसे चिकटवता येईल, आणि तुम्हाला ते परके वाटते त्याचे कारण तेवढेच आहे. याउलट तारखांविषयीचे तुमचे वाक्य, जे तुम्ही जवळजवळ माफी मागितल्यासारखे लिहिले आहे, ते वाचून मला पुढे विचारावेसे वाटले की घोळ नेमका काय होता आणि तो लक्षात कसा आला. नोकरी देणाऱ्यालाही तसेच वाटेल.

मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये नोकरीच्या बाजारपेठेविषयी एक मांडणी केली. माहितीच्या विषमतेवरील कामासाठी २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक जॉर्ज अकरलॉफ, स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना विभागून मिळाले, त्यात या मांडणीचा मोठा वाटा होता. उमेदवाराची क्षमता मालकाला आधी दिसत नाही, म्हणून तो काही खुणांवरून अंदाज बांधतो. पण ज्याच्यापाशी ती क्षमता नाही त्याला ती खूण मिळवणे महाग पडत असेल, तरच त्या खुणेला अर्थ उरतो, असा तिचा आशय आहे. ‘मेहनती’ हे विशेषण लिहायला आळशी माणसालाही काही खर्च येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर नीटनेटका, सफाईदार परिच्छेदही जवळजवळ फुकट झाला. पूर्वी चांगले लिहिलेले प्रोफाइल पाहून निदान एवढे कळत असे की या व्यक्तीने त्यावर बसून काम केले आहे. आता तेही खात्रीने सांगता येत नाही. स्वस्तात मिळत नाही तो तपशील, कारण तो काम केल्याशिवाय हाताशी येत नाही, आणि उसना आणला तर मुलाखतीतल्या दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

म्हणून खरे राहणे आणि उठून दिसणे यांत तुम्हाला जो विरोध दिसतो, तो मला मान्य नाही. तुमच्या बाबतीत दोन्हींची वाट त्या तारखांमधूनच जाते. पत्राच्या शेवटी, वर न छापलेल्या भागात, तुम्ही लिहिले आहे की काही पुस्तके नेण्याच्या आधीच परत आल्याची नोंद दिसत होती, आणि शोध घेतल्यावर कळले की एका संगणकावर दिवस आधी व महिना नंतर, तर दुसऱ्यावर महिना आधी व दिवस नंतर अशी नोंद होत होती, त्यामुळे ०३/०४ म्हणजे कुठे तीन एप्रिल होते आणि कुठे चार मार्च. हे तसेच लिहा. अशक्य वाटणारी नोंद कशी दिसली, दोन संगणकांवर संशय का आला, ज्या नोंदींत दिवस बारापेक्षा मोठा होता त्यांचा पडताळ्यासाठी कसा उपयोग झाला, आणि ज्यांचा उलगडा झालाच नाही त्यांचे काय केले, हे चार-पाच वाक्यांत येते. शेवटचा भाग गाळू नका. विश्लेषणाच्या कामात बराचसा वेळ विदा (डेटा) साफ करण्यातच जातो, हे त्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. न सुटलेल्या नोंदी सुटल्या नाहीत असे सांगणाऱ्या उमेदवाराविषयी त्यांना विश्वास वाटतो.

लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीला २२० अक्षरांची मर्यादा आहे आणि स्वतःविषयीच्या मजकुराला २,६०० अक्षरांची, मात्र या मजकुराच्या सुरुवातीच्या काही ओळीच आधी दिसतात आणि बाकीचे उघडून पाहावे लागते. तेव्हा ग्रंथालयाचा प्रकल्प पहिल्या दोन वाक्यांत आला पाहिजे. नावाखाली ‘भावी डेटा सायंटिस्ट’ असे लिहिण्यापेक्षा ‘संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, ग्रंथालयाच्या देवघेव नोंदींवर काम’ हे साधे वाटेल, पण ते तुमचे आहे. प्रकल्प गटाने केला असेल तर ‘आम्ही’ कुठे आणि ‘मी’ कुठे हे स्पष्ट ठेवा. सगळे श्रेय स्वतःकडे घेणारे उमेदवार मी पाहिले आहेत, आणि संकोचाने स्वतःचा भागही गटाच्या नावावर घालणारेही. मुलाखतीत दोघांचीही पंचाईत होते.

एक सावधगिरी मात्र हवी. त्या नोंदींत वाचकांची नावे असणार, आणि कोणी कोणते पुस्तक नेले ही त्यांची खासगी बाब आहे. काम गिटहबवर, म्हणजे प्रोग्राम आणि प्रकल्पांच्या फाइल ठेवण्याच्या संकेतस्थळावर, ठेवायचे असेल तर ग्रंथालयाची परवानगी घ्या आणि मूळ फाइल तिथे चढवूच नका. एकदा चढवलेली फाइल नंतर नुसती काढून टाकली तरी जुन्या आवृत्त्यांच्या इतिहासात ती सापडते. त्याऐवजी तशाच रचनेच्या, स्वतः बनवलेल्या काही नोंदी ठेवा आणि तसे का केले ते एका वाक्यात नोंदवा. हे वाक्य वाचूनच तुमच्याविषयी चांगले मत बनवणारे लोक या व्यवसायात आहेत.

वडिलांच्या आजारपणाविषयी तुमच्या मैत्रिणीचे मत मला पटत नाही. खरे असणे म्हणजे सगळे उघड करणे असा समज हल्ली फार फोफावला आहे. जे सांगितले ते खरे असावे एवढीच अपेक्षा रास्त आहे. काय सांगायचे नाही हे ठरवण्याचा अधिकार तुमचाच राहतो. शिवाय आजारपण वडिलांचे आहे, त्यामुळे ते अनोळखी लोकांपुढे मांडायचे की नाही यात त्यांचाही शब्द हवा. अभ्यासात खंड पडला असेल तर ‘कौटुंबिक कारणामुळे एक सत्र उशिरा’ एवढे पुरते.

रोज पोस्ट करण्याचीही गरज नाही. रोज लिहायचे म्हटले की सांगण्यासारखे संपते आणि मग माणूस इतरांसारखे लिहू लागतो. ओळखी मात्र वाढवा, कारण मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच दाखवले होते की नोकरीची माहिती जिवलगांपेक्षा दूरच्या ओळखींतून अधिक येते. जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या संशोधनात लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवरील प्रयोगांतून हेच तपासले गेले, तेव्हा अगदी घट्ट संबंधांपेक्षा मध्यम सैल ओळखी नोकरी बदलायला अधिक उपयोगी ठरल्या, आणि डिजिटल कामाचे प्रमाण जास्त असलेल्या उद्योगांत हा परिणाम अधिक दिसला. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की ज्यांच्याशी क्वचितच बोलणे होते त्यांनाही तुम्ही काय करता हे नेमके माहीत हवे. एखाद्या वरिष्ठाने विदा साफ करण्याविषयी लिहिले असेल तर ‘खूप प्रेरणादायी’ अशी प्रतिक्रिया टाकण्यापेक्षा तुम्हाला पडलेला एक नेमका प्रश्न विचारा. महिन्यातून असे दोन-तीन संवाद झाले तरी पुष्कळ आहेत, आणि तुमच्यासारख्या मितभाषी व्यक्तीला ते झेपतीलही.

चॅटजीपीटी वापरूच नये असे मी म्हणणार नाही. कच्चा मजकूर स्वतः लिहा, मग शुद्धलेखन आणि वाक्यांची लांबी तपासायला त्याची मदत घ्या. परत आलेला मजकूर मोठ्याने वाचा. जे वाक्य मुलाखतीत समोरच्याच्या डोळ्यांत पाहून म्हणता येणार नाही, ते काढून टाका. छायाचित्र स्वच्छ आणि अलीकडचे असावे, त्यावर अधिक विचार नको. वर्गमित्रांच्या प्रमाणपत्रांच्या रांगेकडेही फार पाहू नका.

जुने प्रोफाइल काढून टाकण्याचे कारण नाही. त्यातली विशेषणे तेवढी खोडा. या आठवड्यात फक्त प्रकल्पाचा परिच्छेद लिहा आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी ग्रंथपालांना दाखवा, कारण दोन संगणकांची ती हकीगत बरोबर मांडली आहे की नाही हे त्याच सांगू शकतील.