डोंगरगडला आईला रोपवेने न्यायचं असेल तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. आईचं वय ७१, दोन्ही गुडघे दुखतात, शुगर आहे, छत्तीसगडातल्या डोंगरगडला डोंगरावरच्या बमलेश्वरी देवीला जायचं म्हणून त्या कितीतरी वर्षांपासून मागे लागल्या आहेत, अन् तुम्ही विचारून राहिल्या की आता रोपवे आहे तर नागपूरहून एका दिवसात जाऊन येणं जमेल का. जमेल. पण तुम्ही जसं ठरवलंय, म्हणजे नवरात्रातल्या अष्टमीला सकाळच्या गाडीने निघायचं, दुपारी वर, रात्री घरी, तसं प्लीज नका करू. मी वीसेक वर्षांपासून जातो, आधी आईला घेऊन जायचो, आता सासूबाईंना नेतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. रोपवे चढण वाचवतो, रांग वाचवत नाही, अन् सगळ्या पायऱ्या तर अजिबात वाचवत नाही. वरच्या स्टेशनवर उतरल्यावर देवळापर्यंत पुन्हा पायऱ्या आहेतच. खालून पायी गेलं तर हजाराच्या वर पायऱ्या, डोंगर सुमारे १६०० फुटांचा, त्यापुढे या उरलेल्या पायऱ्या काहीच नाहीत असं आपल्याला वाटते, पण ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना वीस पायऱ्यासुद्धा वीसच वाटत नाहीत.

आमच्याकडून पहिल्या वेळी हीच चूक झाली. चैत्र नवरात्र होतं, घरात सगळ्यांना वाटलं ट्रॉली देवीच्या दारात नेऊन सोडते, म्हणून आईला काही सांगितलंच नाही. तिकिटाच्या रांगेत दीड तास उभे, तिथेच तिचे पाय भरून आले. वर उतरलो तेव्हा बारा वाजून गेले होते, चपला खाली ठेवलेल्या अन् फरशी अशी तापलेली की मलाच पाय टेकवत नव्हता. समोरच्या पायऱ्या बघून आई काहीच बोलली नाही, फक्त पदर कमरेला खोचला. एका हाताने रेलिंग, दुसऱ्या हाताने माझं मनगट, एक पाय वर ठेवायचा, मग दुसरा त्याच पायरीवर आणायचा, लहान लेकरू चढते तसं, अन् दर चार पायऱ्यांनी खाली बसायचं. दर्शन झालं, तिचा चेहरा इतका खुलला होता की मला रडू आलं. पण रात्री घरी आल्यावर बघितलं तर माझ्या मनगटावर तिच्या बांगड्यांचे वळ उमटले होते, म्हणजे तिने किती जोराने धरलं असेल विचार करा. त्यानंतर चार दिवस तिला बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागलं. हे आधी माहीत असतं तर आम्ही थंडीत गेलो असतो, पहाटे गेलो असतो, सोबत मोजे नेले असते.

तर मोजे घ्या. जाड सुती मोजे, उन्हाळा असो नाहीतर हिवाळा, कारण देवळाजवळ अनवाणी चालावं लागतेच अन् फरशी एक तर तापलेली असते नाहीतर गार. फक्त गुळगुळीत फरशीवर मोजे घसरतात म्हणून तिथे हात सोडू नका.

आता अष्टमीचं. डोंगरगडला नवरात्र दोन्ही वेळा मोठं होते, चैत्रातलं अन् अश्विनातलं, जत्रा भरते, हजारोंनी ज्योती लागतात, राजनांदगाव-दुर्गकडून लोक पायी येतात, रात्रभर जसगीतं, म्हणजे देवीची छत्तीसगढी गाणी, चालतात. तरुण असाल तर एकदा तरी बघावंच असं ते दृश्य आहे, मी नको म्हणणार नाही. पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन त्या गर्दीत नाही जायचं. रोपवेची रांगच इतकी वाढते की पायी चढणारा आधी दर्शन घेऊन खाली येतो. तुम्ही नोव्हेंबरच्या मधापासून फेब्रुवारीपर्यंतचा एखादा साधा वार बघा, रविवार नको, पौर्णिमा नको, सलग सुट्ट्या आल्या असतील तर तेही नको. बुधवार-गुरुवारी गेलात तर देवीपुढे दोन मिनिटं उभं राहायला मिळते, अन् आईंना तेच पाहिजे असेल ना, धक्क्यात एक सेकंद मूर्ती दिसून पुढे ढकलले गेलो असं दर्शन नको.

ट्रॉलीत बसण्याचं कोणी नीट सांगत नाही म्हणून मी सांगतो. खरी अडचण हवेत लटकण्याची नसते, बसण्या-उतरण्याच्या त्या काही सेकंदांची असते. तिथला माणूस घाई करतो, त्याचंही बरोबर आहे, मागे पुढची ट्रॉली असते, पण म्हातारं माणूस त्या घाईने गोंधळते अन् चुकीचा पाय टाकते. आधी एक जण तुमच्यापैकी आत जाऊन बसा, मग आईंना पाठमोरं करून आधी बसवा अन् नंतर पाय आत घ्यायला लावा, आपण खुर्चीवर बसतो तसं, अन् दुसऱ्याने मागून आधार द्या. साडीचा पदर अन् निऱ्या आधीच नीट खोचून घ्या, पर्स गळ्यात, काठी असेल तर ती तुमच्या हातात. आणि रांगेत असतानाच त्या माणसाला शांतपणे सांगा की भैया, माताजी के घुटने में तकलीफ है, थोडा धीरे. आम्ही दरवेळी सांगतो अन् दरवेळी त्यांनी सांभाळून घेतलंय. मधात ट्रॉली थांबली अन् हलायला लागली तर घाबरायचं नाही हेही आईंना आधीच सांगून ठेवा, पुष्कळदा कुठल्या तरी टोकाला कोणाला बसायला वेळ लागला म्हणून थांबवलेली असते, किंवा लाईट गेली तर जनरेटरवर घेईपर्यंत थांबते.

भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय, ती काही उगाच नाही. एप्रिल २०२५ मध्ये डोंगरगडलाच ट्रॉली उलटून माणसं जखमी झाली होती. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये झारखंडातल्या देवघर गावाजवळच्या त्रिकुट पहाडावर रोपवे अडकला होता, लोक रात्रभर हवेत लटकले होते, हेलिकॉप्टरने काढावं लागलं, तिघं गेले. हे लपवून तुम्हाला बिनधास्त जा म्हणणार नाही. मी जाण्याच्या आदल्या दिवशी रोपवे चालू आहे की मेंटेनन्ससाठी बंद आहे ते विचारून घेतो, जोराचा वारा किंवा आभाळ आलेलं असेल तर चालू असला तरी बसत नाही, ट्रॉलीत ठरल्यापेक्षा एक जरी माणूस जास्त बसवत असतील तर उतरून पुढच्या ट्रॉलीची वाट बघतो. अन् हार्टचा त्रास असेल किंवा उंचीवर चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, तिथे जाऊन ठरवू असं नको.

अजून एक, पुष्कळ लोक जाताना रोपवे अन् येताना पायी असं करतात, उतरायला काय लागते म्हणून. गुडघेदुखीवाल्यांसाठी हे एकदम उलटं आहे. उतरताना शरीराचं वजन गुडघ्यावर जास्त येते, चढताना दम लागतो पण गुडघा उतरतानाच जातो. म्हणून आईंचं तिकीट दोन्हीकडचंच घ्या, अन् वर गेल्या गेल्या शेवटची ट्रॉली किती वाजता आहे अन् मधात बंद असते का हे विचारून ठेवा. वेळा ऋतूप्रमाणे अन् गर्दीप्रमाणे बदलतात, कोणाच्या जुन्या पोस्टवर विसंबू नका, माझ्यासुद्धा.

उपासाचं आता. आई कडक उपास करून दर्शन घेणार म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. ताई, शुगरची गोळी घेऊन रिकाम्या पोटी रांगेत उभं राहणं म्हणजे चक्कर येण्याची तयारी आहे. माझी आईही ऐकत नव्हती, शेवटी आमच्या ओळखीच्या एका पुजाऱ्याने तिला सांगितलं की माय, देवी उपाशी लेकराकडे बघून खूश होत नाही, तेव्हा ऐकली. सकाळी गाडीत दशमी (दुधात कणीक भिजवून केलेली पोळी) अन् थोडं दही खाऊ घाला, पर्समध्ये खडीसाखर, फुटाणे, एक केळं ठेवा. केळं मात्र पिशवीत आत ठेवा, माकडं भरपूर आहेत, हातातली पिशवी ओढून नेतात, प्रसादाचं नारळसुद्धा सोडत नाहीत. लहान पोरांच्या हातात काही खायचं देऊ नका.

जायचं कसं तर माझं मत रेल्वेच. नागपूर-गोंदिया-डोंगरगड सगळं हावडा मेन लाईनवर आहे, साधारण २०० किलोमीटर. गाड्या नागपूर मेनवरून आहेत तशा इतवारीवरूनही आहेत, तुम्ही पूर्व नागपुरात राहत असाल तर इतवारी सोपं पडते. नवरात्रात रेल्वे एरवी न थांबणाऱ्या काही गाड्याही डोंगरगडला थांबवते, पण आपण तेव्हा जाऊन नाही राहिलो. रस्त्याने जायचं तर भंडारा, साकोली, देवरी करत बाघनदीला छत्तीसगडात शिरायचं अन् पुढे चिचोल्यावरून आत वळायचं, चारेक तास धरा. गाडी स्वतःची असली की हवं तिथे थांबता येते हे खरं, पण चार तास पाय दुमडून बसल्यावर गुडघे आखडतात, रेल्वेत आईंना मधात दोन चकरा मारता येतात. अन् गोंदिया सोडल्यावर सालेकसा, दरेकसाकडचं जंगल लागते, बोगदा येतो, तेव्हा त्यांना खिडकीजवळ बसवा. माझ्या आईला देवीइतकंच ते जंगल आवडायचं. दरेकसा गेलं की ती हात जोडून बसायची, डोंगर दिसायच्या कितीतरी आधी.

एका दिवसाचा हट्ट सोडता आला तर सोडा. आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने जा, रात्री मुक्काम करा, सकाळी पहिल्या ट्रॉलींमध्ये बसा, ऊन चढायच्या आत खाली. स्टेशनपासून पायथा लांब नाही, ऑटो मिळतात. राहायला धर्मशाळा आहे, लॉज आहेत, फक्त खोली खालच्या मजल्यावरची मागा अन् कमोड आहे का ते फोनवरच विचारा. लोक हे विचारायला लाजतात अन् मग तिथे म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात.

वेळ उरला तर दुसऱ्या डोंगरावर प्रज्ञागिरीची बुद्धमूर्ती आहे, बमलेश्वरीच्या वाटेवरूनही दिसते, अन् जैनांचं चंद्रगिरी आहे जिथे आचार्य विद्यासागर महाराजांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये समाधी घेतली, रामटेकला त्यांचे चातुर्मास झाले होते म्हणून आपल्याकडच्या पुष्कळांना ते माहीत आहेत. पण प्रज्ञागिरीलाही चढण आहे, आईंना खालूनच दाखवा.

कोणीतरी खाली कमेंटमध्ये लिहिलंय की त्यापेक्षा गिरनारला न्या, तिथला रोपवे मोठा आहे. मोठा आहेच, २०२० मध्ये सुरू झाला, सव्वादोन किलोमीटरच्या वर लांब आहे. पण तो अंबामातेच्या देवळापर्यंतच जातो, दत्तप्रभूंच्या पादुकांपर्यंत तिथून पुढे हजारोंनी पायऱ्या चढ-उतार कराव्या लागतात, अन् नागपूरहून प्रवास किती ते तर बघा. या गुडघ्यांना गिरनार नको. गडावर जायचंच असेल तर नाशिककडच्या वणीची सप्तशृंगी आहे, तिथे २०१८ पासून रुळावरची ट्रॉली आहे, हवेत लटकायचं नाही, ज्यांना उंचीची भीती त्यांना ती बरी.

शेवटी ते, आई म्हणतात वर नाही गेलं तर दर्शन पूर्ण होत नाही, त्याचं. ताई, पायथ्याशी छोटी बमलेश्वरी आहे, खालचं मंदिर म्हणतात. पायऱ्यांचा त्रास नाही म्हणावं इतकं सोपं. मागच्या डिसेंबरात सासूबाईंना घेऊन गेलो तर वारा सुटला म्हणून रोपवे बंद ठेवला होता, दोन तास वाट बघितली, चालू झाला नाही. मला वाटलं त्या खूप नाराज होतील. त्या खालच्या मंदिरात गेल्या, देवीची ओटी भरली, मग बाहेर पारावर बसून वरच्या देवळाकडे बघत बराच वेळ काहीतरी म्हणत होत्या. उठताना एवढंच बोलल्या की तिने मला बघितलं. परत येताना गाडीत निवांत झोपल्या. तेव्हापासून मी आधी खालचं दर्शन करतो अन् मग वरचं, म्हणजे रोपवे बंद निघाला, गर्दी वाढली, गुडघ्याने साथ सोडली तरी माणूस रिकाम्या मनाने परतत नाही. आईंना हे आजच सांगून ठेवा, तिथे उभं राहून नाही. अन् ओटीचं सामान दोन घ्या, एक खालचं, एक वरचं.