शिकागोच्या ‘एल’ने शहर पाहताना

प्रश्न : आमची मुलगी शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते आणि येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही पतिपत्नी तिच्याकडे जात आहोत. मुलगी व जावई दिवसभर कामावर असतील, तेव्हा शहर आमचे आम्हीच पाहावे, अशी इच्छा आहे. तेथील पुलांवरून धावणाऱ्या रेल्वेचा नकाशा पाहिला, परंतु एकाच नावाची अनेक स्थानके दिसल्याने गोंधळ उडाला. पत्नीला गुडघ्यांचा त्रासही आहे. हा प्रवास आम्हांला झेपेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : निश्चित झेपेल, आणि हे शहर पाहण्याची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही. ‘एलिव्हेटेड’ या शब्दावरून ‘एल’ म्हटली जाणारी ही रेल्वे १८९२ मध्ये सुरू झाली आणि शहराच्या मध्यभागाला वेढा घालणारा तिचा चौकोनी मार्ग, म्हणजेच ‘लूप’, १८९७ मध्ये पूर्ण झाला. आज तिचे आठ मार्ग असून ते रंगांच्या नावांनीच ओळखले जातात.

आपला गोंधळ स्वाभाविक आहे, कारण तेथे बहुतेक स्थानकांना ती ज्या रस्त्यावर आहेत त्या रस्त्याचे नाव दिलेले असते, आणि तोच लांबलचक रस्ता अनेक मार्गांना छेदतो. ‘वेस्टर्न’ नावाची स्थानके तर एकट्या निळ्या मार्गावरच दोन आहेत. म्हणून कोणाला पत्ता विचारताना नुसते स्थानकाचे नाव न सांगता मार्गाचा रंगही सांगावा, आणि गाडीत चढण्यापूर्वी तिच्यावर लिहिलेले शेवटच्या स्थानकाचे नाव वाचावे. फलाटावरील पाटीवर स्थानकाच्या नावाबरोबर काही आकडेही असतात, त्यांचा अर्थ एकदा समजून घेतला की नकाशाची गरज पुष्कळ कमी होते. शहरातील घरांचे क्रमांक स्टेट व मॅडिसन या रस्त्यांच्या चौकापासून मोजले जातात आणि साधारणपणे ८०० क्रमांकांचा एक मैल होतो, त्यामुळे बेलमाँट स्थानकाच्या पाटीवर ‘३२०० उत्तर’ असे वाचले की आपण त्या चौकाच्या चार मैल उत्तरेला आहोत, हे लगेच कळते.

लूपमध्ये मात्र विशेष लक्ष द्यावे. तेथे एकाच फलाटावर वेगवेगळ्या रंगांच्या गाड्या येतात. तपकिरी मार्गाची गाडी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, नारिंगी व गुलाबी मार्गांच्या गाड्या काट्यांच्या दिशेने फिरतात, तर हिरव्या मार्गाची गाडी पूर्ण वेढा न घेता पलीकडे निघून जाते. मुंबईत इंडिकेटर वाचल्याशिवाय लोकलमध्ये पाय न ठेवण्याची जी सवय असते, तीच येथे उपयोगी पडते.

नेपरव्हिलहून आपण मेट्रा या उपनगरी रेल्वेने युनियन स्टेशनला याल. तिचे तिकीट वेगळे असते, ते ‘एल’वर चालत नाही. तेथून पूर्वेकडे नदीचा पूल ओलांडून काही मिनिटे चालले की वेल्स रस्त्यावर क्विन्सी स्थानक लागते. त्याला १८९७ मधील मूळ रूप पुन्हा दिलेले आहे, तेव्हा तेथे घाई करू नये. तेथून तपकिरी गाडी घ्यावी. तिसऱ्या थांब्यावर, ॲडम्स–वॉबॅश येथे, उतरून थोडेसे पूर्वेला चालले की आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत येते. ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले ते याच वास्तूत, आणि आपण सप्टेंबरमध्येच जात आहात म्हणून हे आवर्जून सांगावेसे वाटते. नंतर पुन्हा तपकिरी गाडीत बसून लूपचा उरलेला भाग पाहावा. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या खिडक्यांच्या अगदी जवळून वळणे घेत ती गाडी नदीवरच्या पुलावर येते, आणि दोन्ही बाजूंना उंच इमारतींच्या मधून वाहणारे पाणी दिसते, ते दृश्य मला कोणत्याही सहलीच्या बसमधून इतके चांगले दिसलेले नाही.

गुडघ्यांविषयी सांगायचे तर सर्व स्थानकांवर लिफ्ट नाही, आणि जुन्या स्थानकांचे जिने उभे आहेत. नकाशावर चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असलेली स्थानके निवडूनच दिवसाचा बेत आखावा. लूपमधील क्लार्क–लेक आणि वॉशिंग्टन–वॉबॅश या दोन्ही ठिकाणी लिफ्ट आहे. भाड्यासाठी व्हेंट्रा कार्ड घ्यावे. ते फक्त आत जाताना टेकवायचे असते, बाहेर पडताना नाही. दिवसात तीन-चार वेळा चढउतार होणार असेल, तर प्रत्येकी एक दिवसाचा पास बरा.

प्रश्न : मी शिक्षणासाठी शिकागोला जात आहे. माझे विमान ओ’हेअर विमानतळावर मध्यरात्रीनंतर उतरेल. तेव्हा रेल्वे मिळेल का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : मिळेल. निळा आणि लाल हे दोन मार्ग रात्रंदिवस सुरू असतात आणि निळ्या मार्गाचे एक टोक विमानतळावरच आहे. तेथून चढताना मात्र इतर स्थानकांपेक्षा अधिक भाडे पडते. तरीही पहिल्याच रात्री, दोन मोठ्या बॅगा घेऊन आणि अनोळखी स्थानकावर उतरून पुढे चालत जाण्याचा सल्ला मी आपल्याला देणार नाही. त्या रात्री टॅक्सी करावी किंवा विद्यापीठातील कोणाला न्यायला बोलवावे, आणि सामान लावून झाले की दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच मार्गाने एक फेरी मारून आपले स्थानक, त्याचा जिना आणि घरापर्यंतचा रस्ता पाहून ठेवावा.