चीनमधून परदेशी जाणारा माणूस सगळ्यात गरीब नसतो

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. चीनमध्ये गरिबी एवढी घटली, तरी तिथली माणसं कर्ज काढून, जीव धोक्यात घालून परदेशी का जातात? आणि देशातल्या देशात शहरात गेलेले मजूर तिथेच कायमचे का राहत नाहीत? दुसरी गोष्ट आधी घेतो, कारण पहिलीचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे.

१९५८च्या नियमांनी प्रत्येक कुटुंबाची नोंद गावाची किंवा शहराची अशी पक्की केली. हीच ती हुकोऊ पद्धत. ही नोंद आईवडिलांकडून मुलांकडे येते. त्या काळी शहरात धान्याचं रेशनही याच नोंदीवर मिळायचं, त्यामुळे परवानगीशिवाय आलेल्या माणसाला खायचे वांधे. १९८० मध्ये शेनझेन विशेष आर्थिक क्षेत्र झालं, ग्वांगदोंग प्रांतात कारखाने उभे राहिले आणि सिचुआन, हुनान, हनान इथून तरुण मुलं-मुली कामाला येऊ लागली. माणसाला शहरात येऊ दिलं, त्याची नोंद मात्र गावातच राहिली. २०२३च्या सरकारी आकड्यांप्रमाणे गावची नोंद असून शेतीबाहेरची कामं करणारे कामगार सुमारे २९.७५ कोटी होते, आणि त्यातले १७.६ कोटींहून जास्त आपला परिसर सोडून बाहेर काम करत होते.

त्यांचे सगळ्यात जास्त हाल होतात ते मुलांच्या शाळेपायी. विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा, गावकाव, साधारणपणे नोंद असलेल्या प्रांतातच द्यावी लागते. काही ठिकाणी सवलती आल्या, पण बीजिंग आणि शांघाय अजूनही कडक आहेत. म्हणून शहरात वाढलेल्या मुलाला हायस्कूलच्या वयात गावी पाठवावं लागतं, नाहीतर तो आधीपासूनच आजी-आजोबांजवळ असतो. २०१६च्या सरकारी मोजणीत अशी मागे राहिलेली मुलं ९० लाखांवर भरली. त्याआधी तुम्ही सहा कोटींचा आकडा वाचला असेल. मुलं अचानक कमी झाली नाहीत, व्याख्या आवळली. आधी एक पालक बाहेर असला तरी मूल मोजत, नंतर दोघंही बाहेर असले किंवा मागे राहिलेला पालक सांभाळू शकत नसला तरच. आईविना वाढणारं मूल सोयीच्या व्याख्येत बसत नाही म्हणून मोजलंच जाऊ नये, हे मला आजही पटत नाही.

नोंदीचा जाच किती जीवघेणा होता हे २००३ मध्ये दिसलं. सुन झीगांग हा हुबेई प्रांतातला पदवीधर तरुण ग्वांगझौमध्ये नोकरी करत होता. तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना जवळ नाही म्हणून त्याला पकडलं, आणि कोठडीत झालेल्या मारहाणीत तो मेला. देशभर संताप उसळला आणि त्याच वर्षी परक्या मजुरांना पकडून गावी धाडण्याचा तो नियम रद्द झाला. हुकोऊ मात्र राहिली.

आता परदेश. तिकडे जाणारे बहुतेक सगळ्यात गरीब प्रांतांतले असतील असं वाटतं, पण कित्येक दशकं चोरवाटेने जाणारे प्रामुख्याने किनाऱ्यावरच्या मोजक्या पट्ट्यांतले होते. फूजियान प्रांतात फूझौ शहराजवळ चांगल नावाचा भाग आहे, तिथली माणसं न्यूयॉर्कला गेली, झेजियांग प्रांतातल्या वेन्झौची पॅरिसला आणि इटलीतल्या प्रातोला. कारण साधं आहे. तिथे आधी गेलेला मामा, चुलता, शेजारी असतो. तोच कर्जाला जामीन राहतो, तोच कामाला लावतो. १९९३ मध्ये गोल्डन व्हेंचर हे जहाज २८६ जणांना घेऊन न्यूयॉर्कच्या किनाऱ्याला रुतलं, पोहून येताना दहा जण गेले. त्या वाटेचा दर तेव्हा माणशी तीस हजार डॉलरच्या आसपास होता. एवढी उधारी ज्याला मिळते तो गावातला सगळ्यात कंगाल माणूस नव्हे. आणि फूजियानच्या खेड्यातल्या माणसाच्या जागी उभं राहून पाहा: ग्वांगझौमध्येही कागद नाहीत, न्यूयॉर्कमध्येही नाहीत, मग मजुरी जिथे कितीतरी पट जास्त तिथे का जाऊ नये? तिथे जन्मलेली बाळंसुद्धा पुष्कळांनी फूजियानला आजीकडे पाठवली, कारण हॉटेलात बारा-बारा तास राबून बाळ सांभाळणार कोण?

या वाटेवर माणसं मेली. २००० मध्ये इंग्लंडच्या डोव्हर बंदरात ट्रकमध्ये ५८ जण गुदमरले. २००४ मध्ये मोरकॅम्बच्या उपसागरात शिंपल्या वेचणारे किमान २१ जण भरतीत बुडाले. २०१३ मध्ये प्रातोच्या शिलाई कारखान्यात, जिथे काम तिथेच झोपणारे सात जण आगीत गेले.

अलीकडचं चित्र निराळं आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण सीमेवर ३७ हजारांहून जास्त चिनी नागरिक पकडले गेले. बरेच जण इक्वाडोरला विमानाने उतरून जंगलातून पायी वर सरकले होते. त्यांत छोटे दुकानदार आणि धंदा बुडालेले मध्यमवर्गीयही होते, आणि त्यांना नेणारा मामा न्यूयॉर्कला नव्हता, वाट मोबाइलवरच्या व्हिडिओंनी दाखवली. जुलै २०२४ पासून इक्वाडोरने त्यांचा विनाव्हिसा प्रवेश थांबवला.

अभ्यासासाठी आकडे काढणार असाल तर एक जोडी शेजारी ठेवून पाहा. २०२३ मध्ये चीनची ६६ टक्के लोकसंख्या शहरात राहत होती, पण शहरी नोंद फक्त ४८ टक्क्यांकडे होती. मधले सुमारे पंचवीस कोटी लोक म्हणजे तुमचा दुसरा प्रश्न. या कामगारांचं सरासरी वय आता ४३ झालं आहे, तेव्हा पुढे त्यांच्या म्हातारपणाच्या पेन्शनचे नियम प्रांतवार वाचा. गावच्या आणि शहरच्या पेन्शनमधली तफावत फार मोठी आहे.